पेनांगची फूड टूर: गाइडबरोबर जावं की आपलं आपण?

मलेशियातल्या पेनांगला, त्या बेटावरच्या जॉर्जटाउन शहरात, कुणी ओळखीचं निघालं की मला हमखास फोन येतो. "जॉर्जटाउनमध्ये ते पायी फिरवत खायला घालतात ना, ती टूर घ्यावी का? की उगाच पैसे जातील?" मी तिथे दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा नवरा आणि मी दहाबारा जणांच्या गटात गेलो होतो. दुसऱ्यांदा सासूबाई बरोबर होत्या, त्या पक्क्या शाकाहारी, म्हणून फक्त आमच्या तिघांसाठी वेगळा गाइड केला. उरलेले दिवस दोन्ही वेळा आमचे आम्ही हिंडलो. त्यामुळे तिन्ही प्रकारांबद्दल थोडं अधिकाराने बोलू शकते.

निकाल आधी सांगून टाकते. चांगलं खायला कुठे मिळतं हे कळावं म्हणून गाइड घेणार असाल, तर घेऊ नका. जॉर्जटाउनमध्ये चांगलं खाणं शोधत जावं लागत नाही, ते अंगावर येतं. गाइडचा खरा उपयोग दोनच ठिकाणी होतो: बशीत नेमकं काय आहे हे कळायला, आणि दोन माणसांच्या पोटात आठ पदार्थ बसवायला. तुमची अडचण यातली असेल तर पैसे वसूल आहेत. नसेल तर त्या पैशात तुम्ही तीन दिवस जेवाल.

जागा सापडणं सोपंच आहे

जॉर्जटाउनचा जुना भाग 2008 साली मलाक्का या दुसऱ्या मलेशियन शहराबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्यातला गाभ्याचा भाग सुमारे 109 हेक्टर आहे, म्हणजे रमतगमत चाललात तरी अर्ध्या तासात हे टोक ते ते टोक. एका बाजूला समुद्र, पाण्यात लाकडी खांबांवर उभी असलेली चिनी कुळांची घरं, समोरच्या किनाऱ्यावरच्या बटरवर्थला जाणारी फेरीबोट. आत गल्ल्या. संध्याकाळ झाली की चुलिया स्ट्रीट, किंबर्ली स्ट्रीट आणि थोडी पलीकडे न्यू लेन इथे रस्त्याच्या कडेला गाड्या लागतात, ट्यूबलाइटी पेटतात आणि प्लॅस्टिकची स्टुलं मांडली जातात. या गाडीवाल्यांना तिकडे हॉकर म्हणतात. एका गाडीवर बहुतेक वेळा एकच पदार्थ, आणि तो करणारा माणूस वर्षानुवर्षं तेवढंच करत आलेला.

डिसेंबर 2022 मध्ये मिशेलिन या नावाजलेल्या फ्रेंच खाद्य-मार्गदर्शिकेची पहिली क्वालालंपूर-पेनांग यादी आली आणि त्यात हॉकरही होते. तेव्हापासून तर काही गाड्यांवर तो लाल बिल्ला लांबूनच दिसतो, आणि खाली रांगही. तेव्हा "लपलेली ठिकाणं दाखवू" असं टूरच्या जाहिरातीत लिहिलेलं असलं, तर ते फार मनावर घेऊ नका. आमच्या गटातल्या फेरीत ज्या सात जागा दाखवल्या, त्यातल्या पाच मी आधीच फोनवर खूण करून ठेवल्या होत्या. मला त्याचा राग आला नाही. जागा चांगल्याच होत्या. पण शोधाची मेहनत मी विकत घेतली नव्हती, एवढं तेव्हाच कळलं.

मागवायची पद्धत मात्र एकदा कुणीतरी दाखवायला हवी

कोपितियाम म्हणजे जुन्या धाटणीचं कॉफीचं दुकान. 'कोपी' म्हणजे कॉफी आणि 'तियाम' म्हणजे होक्कियन या चिनी बोलीत दुकान. वरवर बघता आपल्या इराण्यासारखंच, संगमरवरी टेबल, लाकडी खुर्च्या, भिंतीवर जुनी कॅलेंडरं. फरक असा की दुकानदार फक्त चहा-कॉफी विकतो. खाणं विकणारे सगळे त्याच्या दारात आणि आत गाड्या लावलेले वेगवेगळे लोक. आपण आधी टेबल धरायचं, मग एकेका गाडीवर जाऊन मागवायचं आणि टेबल कुठलं ते सांगायचं. बशी टेबलावर येते तेव्हा त्या-त्या माणसाला रोख द्यायचे. पेय दुकानदाराचा माणूस येऊन विचारतो, आणि ते घ्यायचंच असतं, कारण टेबल त्याचं. काही ठिकाणी पेय न घेणाऱ्यांकडून माणशी थोडे सेन, म्हणजे तिथली चिल्लर, जास्त घेतात, तशी पाटीच असते.

हे आम्हाला पहिल्या दिवशी ठाऊक नव्हतं. आम्ही बाहेरच्या एका गाडीवरून नूडल्स घेतल्या आणि बशी हातात धरून शेजारच्या दुकानात पंख्याखाली जाऊन बसलो. एक बाई आल्या, काही बोलल्या नाहीत, फक्त आमच्या बशीकडे बघितलं, मग बशीच्या रंगाकडे बोट दाखवलं, मग शेजारच्या दुकानाकडे. त्यांच्या गाड्यांच्या बशा गुलाबी, आमची हिरवी. आम्ही मुकाट्याने उठलो. अशी फजिती पाच मिनिटांची असते, तिने काही बिघडत नाही. पण संकोची माणसाचं अर्धं खाणं त्या संकोचातच जातं हे खरं. माझा नवरा तसा आहे. गटातल्या फेरीनंतर त्याची भीड चेपली, आणि पुढचे दोन दिवस तोच पुढे होऊन "कोपी-ओ कोसोंग" मागत होता. कोपी म्हणजे कंडेन्स्ड मिल्क घातलेली, कोपी-ओ म्हणजे दुधाशिवाय पण साखरेची, कोसोंग म्हटलं की साखरही नाही. पार्सलला 'तापाव'. कमी गोड हवं तर 'कुरांग मानिस'. एवढ्यावर भागतं.

म्हणजे पद्धत शिकायला गाइड हवा का? हवाच असं नाही. वरचा परिच्छेद वाचलात, तुमचे ते पैसे वाचले.

बशीत काय आहे, हा खरा प्रश्न

इथे मात्र गाइडशिवाय आपण आंधळे असतो, मासे खाणारेसुद्धा.

पेनांगची ओळख असलेली असाम लाक्सा घ्या. जाड पांढऱ्या तांदळाच्या नूडल्स आणि वर आंबट रस्सा. पहिल्या घासाला मला हे सगळं ओळखीचं वाटलं आणि का ते कळेना. गाइडने सांगितलं की मासा 'केंबुंग'. गाडीवर त्याने अख्खा मासा उचलून दाखवला, तर तो चक्क आपला बांगडा. उकडून, काटे काढून, कुस्करून रश्शात घातलेला. आंबटपणा चिंचेचा, शिवाय 'असाम केपिंग' नावाच्या सुकवलेल्या चकत्यांचा. त्या चकत्या ज्या फळाच्या, ते गार्सिनिया कुळातलं, म्हणजे आपल्या कोकमाचं सख्खं चुलत भावंड. बांगडा आणि आमसूल! वर पुदिना, अननस, काकडी, आल्याच्या जातीच्या एका झाडाच्या गुलाबी कळीचे बारीक तुकडे. आणि चमच्यात एक काळा, दाट, काकवीसारखा ऐवज, तो रश्शात ढवळायचा. हे हे-को, कोळंबीचा आटवलेला अर्क. कोकम-बांगड्याचं नातं मला कुठल्याही नकाशाने सांगितलं नसतं. त्या एका वाडग्यापुरती गटाची टूर मला पुरून उरली.

आता तोच हे-को शाकाहारी माणसाच्या बाजूने बघा. पेनांगचा रोजाक म्हणजे पेरू, अननस, कैरी, काकडी यांच्या फोडी, वर दाण्याचा कूट आणि काळी चटणी. बघताना वाटतं की चिंच-गुळाचीच चटणी. सासूबाईंनी बशी हातात घेतली होती, काडी फोडीला टोचलेली होती. गाइडने हलकेच बशी काढून घेतली आणि म्हणाला, "आंटी, धिस इज प्रॉन." सासूबाई फोडीकडे बघत राहिल्या. फळाला कोळंबीची चटणी लावतात यावर त्यांचा अजूनही पूर्ण विश्वास बसलेला नाही. त्यांनी दुसरी बशी मागितली, चटणीशिवाय, आणि मीठ-तिखट स्वतःच्या पर्समधून काढलं.

हे-कोचा भाऊ म्हणजे ब्लाचान. जवळ्यासारखी बारीक कोळंबी मिठात मुरवून, वाटून, वाळवून केलेल्या वड्या. तिकडच्या मिरचीच्या ठेच्यात तो असतो, परतलेल्या पालेभाजीत असतो, नासी लमाक या नारळाच्या दुधातल्या भाताबरोबरच्या सांबालमध्ये, म्हणजे तिखट चटणीत, असतो. तुम्ही मलयमध्ये विचारलंत, "आदा उदांग?" म्हणजे कोळंबी आहे का, तर समोरचा प्रामाणिकपणे "नाही" म्हणेल, कारण त्याच्या लेखी कोळंबी म्हणजे दिसणारी कोळंबी. ब्लाचान हा मसाला झाला. विचारायचं तर "आदा ब्लाचान?" असंच विचारायचं. ही युक्ती मला गाइडकडूनच मिळाली, आणि ती फुकट सांगण्यासारखी आहे म्हणून सांगते.

डुक्कर न खाणाऱ्यांनीही डोळे उघडे ठेवावेत. 'चार क्वे तियाव' म्हणजे तांदळाच्या रुंद पट्ट्या धगधगत्या कढईत परतलेल्या, त्यात कोळंबी, शिंपल्या, अंडं, मोड आलेले मूग, आणि जुन्या पद्धतीत डुकराची चरबी व चिनी सॉसेज. पेनांगची 'होक्कियन मी' (मी म्हणजे नूडल्स) रश्शातली असते, क्वालालंपूरसारखी काळी परतलेली नव्हे, आणि तो रस्सा कोळंबीच्या डोक्यांचा आणि डुकराच्या हाडांचा. 'करी मी'मध्ये थिजवलेल्या रक्ताचे चौकोनी तुकडे असतात, दिसायला टोफूच्या तपकिरी भावासारखे. गोमांस नको असेल तर नासी कंदारच्या, म्हणजे भात आणि वर हवे ते रस्से देणाऱ्या गाडीवर रश्शांची सरमिसळ होते तिथे लक्ष द्या. सगळे रस्से एकावर एक ओतायला तिथे 'बांजिर' म्हणतात. शब्दाचा अर्थ पूर. म्हणजे भातावर पूर आला की कुठला रस्सा कुठून आला हे देवालाच ठाऊक.

गटातली फेरी आणि फक्त आपला गाइड

खाण्याचं काही वावडं नसेल तर गटातली फेरी पुरे. आम्ही माणशी 240 रिंगिट दिले होते. रिंगिट तेव्हा साधारण वीस-बावीस रुपयांना पडत होता, म्हणजे माणशी पाच हजार. चार तास, सात थांबे, चालणं सगळं मिळून तीन किलोमीटरच्या आतलं. गाडीवरची बशी आठ ते बारा रिंगिटची, तेव्हा त्या 240 मध्ये वीसेक बशा येतात. हा हिशेब नवऱ्याने पहिल्या थांब्यालाच केला आणि चौथ्या थांब्यापर्यंत तोंड पाडून बसला. पण त्या वीस बशा आपण खाणार कशा? दोघंच गेलात तर एका संध्याकाळी तीन, फार तर चार पदार्थ. अर्ध्या-अर्ध्या वाटून घेतल्या तरी पाचव्याला पोट नाही म्हणतं. गटात एक बशी चौघांत फिरते, दोन-दोन घास येतात आणि सातव्या थांब्यावरही चेंदोल या गारेगार गोडाला जागा राहते. जॉर्जटाउनला एकच दिवस हातात असेल तर हे गणित गटाच्या बाजूने जातं. चार दिवस असतील तर मुळीच जात नाही, आणि चौघं-पाचजण मिळून गेला असाल तर तुम्हीच एक गट आहात, वाटून खा.

गटाचा दुसरा फायदा रांगेचा. चार क्वे तियाव करणारा एका वेळी एक, फार तर दोन बशांचा माल कढईत टाकतो, कारण जास्त टाकला तर आच बसते आणि तो धुरकट वास लागत नाही. म्हणून नावाजलेल्या गाडीवर पाऊण तास उभं राहावं लागतं. आमच्या गाइडने आधीच सांगून ठेवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा बशा उतरत होत्या, आणि रांगेतल्या लोकांनी आमच्याकडे जे बघितलं ते बघणंही बघण्यासारखं होतं.

तोटा मला एकच पण मोठा वाटला. गटात शाकाहारी माणसाची हेळसांड होते. आमच्याबरोबर एक मुलगी होती, बुकिंग करताना तिने शाकाहारी असं लिहिलेलं होतं. दोन थांब्यांवर तिला नुसता सरबताचा पेला मिळाला. तिसऱ्यावर पोपिया आली, पातळ पोळीत गुंडाळलेली भाजी, आणि तिने ती उघडली तर आत सुकट. गाइड म्हणाला, "काढून टाक ना." पैसे तिने आमच्याइतकेच भरले होते. ही कंपनी एरवी वाईट नव्हती. अकरा जणांत एकीसाठी वाट वाकडी करणं त्यांना जमत नव्हतं, एवढंच. पण मग पैसे घेताना तसं सांगायचं.

म्हणून दुसऱ्या खेपेला वेगळा गाइड. तिघांचे मिळून 900 रिंगिट गेले, म्हणजे माणशी गटापेक्षा सव्वापट. त्याने आदल्या दिवशी फोन करून विचारलं: अंडं चालतं का, कांदा-लसूण चालतो का, त्याच कढईत मासे परतलेले असले तर चालेल का. हा तिसरा प्रश्न ज्याने विचारला त्या माणसाला पैसे द्यायला मला काही वाटलं नाही. त्याने फेरी सकाळची ठेवली, कारण रात्रीच्या गाड्या बहुतेक मासे-मांसाच्या, आणि सकाळी भारतीय व चिनी शाकाहारी दोन्ही मिळतं. लिटल इंडियात पुतु मायाम, म्हणजे इडियप्पम, गूळ-खोबऱ्याबरोबर. मग आपोम, आपल्या माहितीच्या अप्पमचंच कुरकुरीत रूप, हिंडालियमच्या छोट्या कढयांत. मग 素 अशी पाटी असलेलं चिनी शाकाहारी दुकान. ही एक चिनी खूण डोळ्यांत ठेवा, ती दिसली की मांस-माशांची काळजी मिटली. ही बौद्ध परंपरेतली दुकानं, इथे बहुधा कांदा-लसूणही नसतो. सासूबाई चातुर्मासात होत्या, त्यांना हे कळल्यावर त्या त्या दुकानात दुसऱ्या दिवशीही गेल्या. चिनी नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत, बऱ्याच वर्षी आपल्या नवरात्राच्याच सुमारास, नऊ सम्राट देवांचा उत्सव असतो. तेव्हा शाकाहारी गाड्यांवर पिवळे झेंडे लागतात आणि तेवढे दिवस तर गाइडची गरजच उरत नाही.

गोष्टी ऐकायच्या असतील तर

काही लोक गोष्टींसाठी टूर घेतात. यात नशिबाचा भाग मोठा. गटाचा गाइड घोकलेलं बोलला, सन 1786 ला फ्रान्सिस लाइट हा इंग्रज इथे वसाहत करायला आला इथपासून सुरुवात. दुसऱ्या खेपेचा गाइड पन्नाशीचा, तिथेच वाढलेला, तो बोलता बोलता थांबून एखाद्या आजीशी होक्कियनमध्ये पाच मिनिटं गप्पा मारायचा आणि मग त्यातलं एखादं वाक्य आम्हाला सांगायचा. नासी कंदारमधला 'कंदार' म्हणजे कावड, हे त्याच्याकडून कळलं. तमिळ मुसलमान विक्रेते खांद्यावर आडवी काठी घेऊन, एका टोकाला भाताचं भांडं, दुसऱ्या टोकाला रश्शाचं, असे बंदरावर कामगारांना जेवण विकत हिंडायचे. कॅम्बेल स्ट्रीटवरचं हमीदिया हे नासी कंदारचं दुकान 1907 पासून आहे. त्याने काठी खांद्यावर घेतल्याचा आविर्भाव करून दाखवला तेव्हा सासूबाई पटकन म्हणाल्या, "कावडच की!" मग मला त्याला श्रावणबाळ इंग्रजीत समजावून सांगावा लागला. ते काही नीट जमलं नाही.

गाइडला पर्यटन मंत्रालयाचा परवाना लागतो, गळ्यात त्याचं कार्ड असतं. ते बघून घ्या. टीप द्यायची तिथे रीत नाही, दिलीत तर आनंदाने घेतील.

वेळ, सुट्टी आणि गुडघे

आपलं आपण जाणार असाल तर सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे बंद गाडी. सकाळचे लोक दुपारी एकला आवरतात, रात्रीचे संध्याकाळशिवाय येत नाहीत, आणि प्रत्येकाची साप्ताहिक सुट्टी वेगळी. त्यात 2016 पासून पेनांगमध्ये हॉकर गाड्यांवर परदेशी कामगाराने मुख्य स्वयंपाक करायला मनाई आहे. त्यामुळे हात बहुतेक वेळा त्या मालकाचा किंवा त्याच्या घरच्यांचाच. म्हणजे मालक आजारी, गाडी बंद. एका गुरुवारी आम्ही तीन ठिकाणांहून हात हलवत परतलो आणि चौथ्याला जे मिळालं ते खाल्लं. ते उत्तम होतं, ही गोष्ट वेगळी. गाइडला हे वेळापत्रक पाठ असतं. स्वेटनहॅम धक्क्यावर क्रूझने उतरणार असाल आणि संध्याकाळी परत चढायचं असेल, तर रात्रीच्या गाड्या विसरा आणि सकाळचा गाइड घ्या. अशा वेळी चुकायला वेळ नसतो.

उकाडा कायमचा, सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस जास्त. घरांच्या पुढच्या पडव्यांतून, ज्यांना तिथे 'पाच फुटी वाट' म्हणतात, सावलीतून चालता येतं. पण दर घरापाशी उंची बदलते, मध्येच पायरी, मध्येच कुणाची मोटरसायकल. सासूबाईंचे गुडघे चौथ्या थांब्याला बोलू लागले. वेगळा गाइड असल्यामुळे लगेच रिक्षा करता आली. गटात असतो तर त्या मागे राहिल्या असत्या आणि मी दोघांकडे बघत मध्ये.

मग कुणी काय करावं

सगळं खाणारे, तरुण, तीन-चार दिवस हातात, नवीन माणसाशी बोलायला न लाजणारे: टूर घेऊ नका. सुट्या नोटा, म्हणजे एक, पाच आणि दहाच्या, भरपूर ठेवा, कारण बऱ्याच गाड्यांवर क्यूआर असला तरी तो आपल्या फोनवर चालेलच असं नाही. पहिल्या संध्याकाळी न्यू लेनला जा, दुसऱ्या दिवशी दुपारी केंग क्वी स्ट्रीटला 1936 पासून चालत आलेला चेंदोल खा, उभ्या उभ्याच, भिंतीला टेकून. नारळाचं दूध, पामचा गूळ, बर्फ, हिरव्या शेवया, राजमा. राजमा बघून नाक मुरडू नका.

सगळं खाणारे पण एकच दिवस, किंवा दोघंच: गटातली फेरी, आणि ती पहिल्याच दिवशी. शेवटच्या दिवशी घेतलीत तर जे शिकाल ते वापरायला वेळ उरणार नाही. ही चूक आम्ही केली नाही, पण आमच्या गटातल्या दोघांनी केली होती आणि ते सारखे "अरे, हे आधी कळलं असतं तर" करत होते.

शाकाहारी, ॲलर्जीवाले, किंवा घरातलं मोठं माणूस बरोबर: गटाच्या नादी लागू नका. वेगळा गाइड, सकाळचा. कोळंबी-शिंपल्यांची ॲलर्जी असेल तर हे मी सल्ला म्हणून नाही, बजावून सांगते. जिथे मसाल्यातच कोळंबी आहे तिथे "थोडंसं असेल" याला अर्थ नाही, औषध खिशात हवं आणि विचारणारा माणूस तिथली भाषा बोलणारा हवा. पैसे तेवढे खर्च करायचे नसतील तर लिटल इंडियात केळीच्या पानावर निवांत जेवा आणि लाक्साचा फोटो काढा. त्यातही काही कमीपणा नाही.

बुक करण्याआधी एक ईमेल टाका: गटात जास्तीत जास्त किती माणसं, किती थांब्यांवर शाकाहारी पदार्थ खरोखर मिळेल, आणि ब्लाचान व हे-कोचं काय करता. तिसऱ्या प्रश्नाला "वी कॅन मॅनेज" असं उत्तर आलं तर दुसरी कंपनी बघा. पदार्थांची नावं घेऊन उत्तर आलं तर पैसे भरा.

आमच्या गाइडने निघताना स्वतःच्या कार्डाच्या मागे मलय आणि चिनी दोन्हींत लिहून दिलं होतं: मांस नाही, मासे नाहीत, कोळंबी नाही, अंडं नाही, ब्लाचान नाही, हे-को नाही. खाली त्याने एक ओळ जास्तीची लिहिली होती, तिचा अर्थ आम्हाला माहीत नव्हता. पुढचे तीन दिवस सासूबाई ते कार्ड पुढे करत होत्या, गाडीवाले वाचत होते आणि शेवटच्या ओळीला हसत होते. तिसऱ्या दिवशी एका पोराला विचारलं तेव्हा कळलं. लिहिलं होतं, "आजी रागावतात."